फिशपाँड

तर झालं असं, की २०२४ मध्ये आमच्या दहावीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली आणि व्हॉट्सॲपवरच्या आमच्या वर्गाच्या ग्रुपला अचानक जाग आली. एरवी तिथे सुप्रभात, वाढदिवसाचे केक आणि गुडघेदुखीवरचे घरगुती उपाय एवढंच चालतं. पण कुणीतरी निरोप समारंभाचा फोटो टाकला, दुसऱ्याने लेझीमच्या पथकाचा टाकला, आणि मग एकाने विचारलं, "आपापले फिशपाँड आठवतायत का रे कुणाला?"

पुढच्या तासाभरात नुसता पाऊस! गणितात दीडशेपैकी किती पडले होते हे साफ विसरलेल्या लोकांना आपल्यावरचा फिशपाँड तोंडपाठ होता. मी मात्र एक हसरा चेहरा टाकून गप्प बसले. मला दोन फिशपाँड आठवत होते. एक माझ्यावरचा. आणि दुसरा ज्याच्यावरचा, तोही त्या ग्रुपवर आहे आणि तोही गप्पच होता.

ज्यांच्या शाळेत ही प्रथा नव्हती त्यांच्यासाठी सांगते. स्नेहसंमेलनाच्या आधी आठवडाभर एक खोका ठेवलेला असायचा. आमचा खोका बुटांचा होता, वरून जांभळा घोटीव कागद चिकटवलेला. त्यात कुणीही, कुणाहीबद्दल, नाव न देता दोन ओळी लिहून टाकायच्या. संमेलनात त्या चिठ्ठ्या माइकवरून वाचल्या जायच्या. ज्याच्यावर फिशपाँड पडला त्याने उभं राहायचं आणि सगळ्यांनी हसायचं. मराठीच्या बाई याला कटाक्षाने 'शेलापागोटे' म्हणायच्या. आम्ही बाईंसमोर शेलापागोटे म्हणायचो आणि बाहेर आलो की फिशपाँड.

आता माझ्याबद्दल. मी उंच होते. म्हणजे अजूनही आहे, पण आता त्याचं कुणाला काही वाटत नाही. सातवीत मी वर्गातल्या सगळ्या मुलांपेक्षा उंच झाले आणि त्यातली बरीचशी मला दहावीपर्यंत गाठू शकली नाहीत. प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यात शेवटी, वर्गात शेवटच्या बाकावर, कवायतीत सगळ्यांच्या मागे. नाटकात घ्यायचे ते भालदार म्हणून. शिवाजी महाराजांच्या दरबारात मी सलग दोन वर्षं भाला धरून उभी होते आणि दोन्ही वर्षी मला एकही वाक्य नव्हतं. आठवीत लेझीममध्ये घेतलं, पण सगळ्या मुली वाकायच्या तेव्हा मी वाकले तरी वाकल्यासारखी दिसत नाही, असं पीटीच्या सरांचं म्हणणं पडलं. मग मला हलगीच्या शेजारी झेंडा घेऊन उभं केलं.

खांदे पाडून चालायची सवय तेव्हाची. आई पाठीत धपाटा घालायची, "सरळ चाल गं!" सरळ चाललं तर आणखी उंच दिसतं, हे तिला कोण सांगणार?

शाळा मुलामुलींची एकत्र, पण एकत्र म्हणजे काय, तर खिडकीच्या बाजूला मुली आणि दाराच्या बाजूला मुलं. मधला रस्ता दोन फुटांचा, पण तो ओलांडून कुणी कुणाशी बोललं तर दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन नावं आणि मध्ये अधिकचं चिन्ह. त्यामुळे बोलायचं ते आडनावाने आणि कामापुरतं. "अमुक, वही दे", "तमुक, सरांनी बोलावलंय". दहा वर्षं एका वर्गात काढून आम्ही एकमेकांची पहिली नावं फक्त हजेरीत ऐकली.

अभ्यास बरा होता, अक्षर चांगलं होतं. अक्षर चांगलं असण्याचा शाळेत एक तोटा असतो. फलकलेखन, हस्तलिखित, प्रमाणपत्रांवर नावं घालणं, सगळं तुमच्याकडे येतं, आणि तुम्ही सगळीकडे असूनही कुणाला दिसत नाही. असो.

दहावीचं वर्ष म्हणजे १९९८-९९. साडेसातशे मार्कांची बोर्डाची परीक्षा, सकाळची शाळा, दुपारी क्लास आणि संध्याकाळी 'एकवीस अपेक्षित'. आम्ही गंगापूर रोडच्या बाजूला एका तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायचो. घरी 'गावकरी' यायचा. तो आधी खालून गॅलरीत फेकला जायचा आणि पावसाळ्यात हमखास कुंडीत पडून भिजायचा. मग बाबांनी एजंटला सांगितलं, की मुलाला वर येऊन कडीत अडकवायला सांगा.

जुलैतली गोष्ट. पहाटे साडेपाचला दुधाच्या पिशव्या घ्यायला मी दार उघडलं. डोक्याला चपचपीत तेल, अंगात बाबांचा जुना स्वेटर, तोंडात ब्रश. समोर पेपर घेऊन उभा होता आमच्याच वर्गातला एक मुलगा. दाराच्या बाजूच्या शेवटच्या बाकावरचा. डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी, पँट गुडघ्यापर्यंत वर दुमडलेली.

दोघांचाही पुतळा झाला. मग तो म्हणाला, "पेपर." मी पेपर घेतला. तो वळून जिना उतरून गेला.

सात दहाच्या प्रार्थनेला तो मुलांच्या रांगेत शेवटी उभा होता, मी मुलींच्या रांगेत शेवटी. मधे हातभर अंतर. दोघंही समोर बघत होतो.

त्यानंतर मी पहाटे जागी झाले तरी अंथरुणातच पडून राहायचे. जिन्यावर पावलं वाजायची, कडी खुट्कन वाजायची, पावलं खाली जायची. मग मी उठून दूध घ्यायचे. आईने एकदा विचारलं, "तो पेपर टाकणारा तुमच्याच शाळेतला आहे ना गं?" मी म्हटलं, "असेल." कुणाला सांगितलं नाही. त्याच्यासाठी नाही हं, स्वतःसाठीच. हिला कसं माहीत, असा प्रश्न आला असता, आणि मग फळ्यावर अधिकचं चिन्ह.

तो वर्गात झोपायचा. भूमितीचा तास तिसरा, त्यात त्याची मान हळूहळू खाली जायची. पहाटे चारला उठून गठ्ठे सोडवायचे, पुरवण्या घालायच्या, सायकलवरून पेपर टाकायचे, घरी जाऊन गणवेश चढवून सातला शाळेत. नाशिकची डिसेंबरातली थंडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना पहाटे चार म्हणजे काय ते कळेल. सर खडू मारायचे, वर्ग हसायचा, तोही हसायचा. का झोपतो ते बहुधा एकट्या मला माहीत होतं.

डिसेंबरात फिशपाँड निवडायला चौघांची समिती नेमली, दोन मुलगे, दोन मुली. मी अक्षरामुळे, कारण निवडलेले फिशपाँड एका वहीत नीट उतरवून काढायचे होते. चित्रकलेच्या वर्गात बाईंसमोर खोका उपडा केला. बाईंचे नियम स्पष्ट होते. व्यंगावर नको, जातीवर नको, घरच्यांवर नको, आणि प्रेमबिम तर नकोच नको.

मला महिनाभर एकच धास्ती होती, ती माझ्यावर काय येणार याची. शिडी, विजेचा खांब, जिराफ, निलगिरी, मी सगळ्या शक्यता मोजून ठेवल्या होत्या. उभं राहायची वेळ येईल तेव्हा चेहरा कसा ठेवायचा, तेही आरशासमोर करून पाहिलं होतं. (हो, खरंच!) चिठ्ठ्या उघडत गेलो. शेवटची उघडली. माझ्यावर एकही नव्हती.

वाटायला हवं होतं, सुटले बाई. पण तसं वाटलं नाही. ज्या मुलीवर सात चिठ्ठ्या आल्या होत्या ती माझ्या शेजारी बसून "शी, काय हे!" म्हणत होती आणि तिचे कान आनंदाने लाल झाले होते. माझ्या मनात आलं, की उद्यापासून मी शाळेत आले नाही तर हजेरी घेणाऱ्या बाईंशिवाय कुणाला कळणार नाही. पंधराव्या वर्षी माणूस असाच विचार करतो. आता हसू येतं, पण तेव्हा पोटात खड्डा पडला होता.

बाईंनी खोका आणखी एक दिवस ठेवायचं ठरवलं, कारण 'क' वर्गाच्या चिठ्ठ्या कमी होत्या. त्या रात्री मी डाव्या हाताने, हिरव्या शाईच्या पेनने, माझ्यावरच एक फिशपाँड लिहिला.

'अँटेना हलली? शिडी कशाला?
हाक मारा दहावी ब ला!'

आणि खाली माझं नाव. सकाळी शाळेत सगळ्यांच्या आधी पोचून खोक्यात टाकला.

दुपारी तो निघाला तेव्हा समितीतला एक मुलगा खो खो हसला. मीही "शी, काय हे!" म्हटलं. बाईंनी चिठ्ठी हातात घेतली, चष्म्यावरून एकदा चिठ्ठीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. उंचीवरून म्हणजे तसं नियमाच्या बाहेरच होतं. "तुला चालेल ना?" मी मान हलवली. "अक्षर फार वाईट आहे," बाई म्हणाल्या, "पण ठेवा."

त्याच ढिगात पुढे दुसरी चिठ्ठी निघाली, त्याच्यावर.

'भूमितीच्या तासाला यांची लागते समाधी,
कुंभमेळा लांब आहे, साधू आले आधी!'

नाशिकच्या मुलांनाच सुचेल असं होतं. पुढचा कुंभमेळा २००३ मध्ये होता, म्हणजे खरंच लांब होता. सगळे हसले, बाईसुद्धा. व्यंग नाही, जात नाही, घर नाही, प्रेम नाही. "कुणाची हरकत?" बाईंनी विचारलं.

मला हरकत घेता आली असती. "बाई, तो पहाटे पेपर टाकतो," एवढंच वाक्य. पण ते बोलायचं तर मला कसं माहीत ते सांगावं लागलं असतं. आणि खरं सांगायचं तर तेवढंच कारण नव्हतं. मला त्या ओळी आवडल्या होत्या. यमक चांगलं जुळलं होतं. मी त्या वहीत उतरवून काढल्या, सुवाच्य अक्षरात, माझ्या फिशपाँडच्या लगेच खाली. क्रमही मीच लावला होता.

संमेलन झालं. माझा फिशपाँड वाचला गेला, मी उभी राहिले, ठरवलेला चेहरा केला, आणि सगळा हॉल माझ्याकडे बघून हसला. काय सांगू, इतकं बरं वाटलं! पहिल्यांदा खांदे न पाडता उभी होते. मी खाली बसते न बसते तोच त्याचा वाचला गेला. तो मागे खुर्च्या लावणाऱ्या मुलांत होता. त्याने डोळे मिटले, एका पायावर उभा राहिला आणि डोक्यावर हात जोडून साधूसारखा नमस्कार केला. माझ्यापेक्षा दुप्पट हशा, वर टाळ्या. निकाल लागावा तसं ते वर्षभर त्याला चिकटलं. साधू.

आणि त्यानंतर आमचा पेपर कडीत यायचा बंद झाला. खालून गॅलरीत थड्कन पडायला लागला. बाबा म्हणाले, "पुन्हा सुरू झालं याचं." मी अंथरुणात पडल्या पडल्या तो आवाज ऐकायचे आणि मला कळायचं, की हे माझ्यामुळे आहे. त्याला कुणीतरी सांगितलं असणार, की वही कुणी लिहिली. माझं अक्षर सगळी शाळा ओळखत होती.

बोलायला हवं होतं. फेब्रुवारीतल्या निरोप समारंभात समोसा आणि वेफर्सच्या कागदी बशा वाटायचं काम माझ्याकडे होतं. त्याच्यासमोर आले तेव्हा मी म्हटलं, "समोसा." तो म्हणाला, "नको." सगळ्या मुली स्लॅम बुक घेऊन फिरत होत्या, माझ्याकडेही होतं. मुलांपैकी कुणाला द्यायची हिंमत झाली नाही.

१० मार्च १९९९ ला तात्यासाहेब शिरवाडकर गेले. नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी ते कुसुमाग्रज, १९८७ चं ज्ञानपीठ मिळालेले, मराठीच्या पुस्तकातले कवी. आम्हाला ते टिळकवाडीत राहणारे तात्यासाहेब. त्यांच्या घराजवळून जाताना सायकलचा वेग आपोआप कमी व्हायचा, एवढीच माझी त्यांच्याशी ओळख. त्या संध्याकाळी घरोघरी तोच विषय होता. बाबा जेवले नाहीत. आमचे परीक्षेचे दिवस होते आणि मी पुस्तक उघडून नुसती बसले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे पेपर पडल्याचा आवाज आला नाही. जिन्यावर पावलं वाजली आणि कडी वाजायच्या ऐवजी दार हलकेच वाजलं. मी उठून उघडलं. तेल, स्वेटर, सगळं तसंच. तो दोन्ही हातांत पेपर धरून उभा होता.

"आज फेकला नाही," तो म्हणाला. "पहिल्या पानावर तात्यासाहेब आहेत."

मी पेपर घेतला. काहीतरी बोलायलाच हवं म्हणून विचारलं, "अभ्यास झाला?"

"होतोय."

आणि तो गेला. दहावीच्या अख्ख्या वर्षातलं आमचं सगळ्यात लांब संभाषण ते. निकालानंतर तो कुठे गेला, मला माहीत नव्हतं. मी पुण्याला गेले, पुढचं सगळं यथासांग झालं.

तर, त्या ग्रुपवर एवढं सगळं आठवल्यावर भेटायचं ठरलंच. एका रविवारी सकाळी गंगापूरच्या पुढे, मळ्यातल्या एका मिसळीच्या ठिकाणी. हल्ली नाशिकमध्ये द्राक्षबागेत बसून मिसळ खायची पद्धत पडली आहे. आमच्या वेळी द्राक्षं द्राक्षांच्या जागी होती आणि मिसळ मिसळीच्या. आम्ही तिशी-पस्तीस जण जमलो. टकलं, चष्मे, एकमेकांना ओळखायचे खेळ. तो आला होता. अंबडला एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे, मुलगी बारावीला. झोप अजून चांगली लागते, असं त्यानेच सगळ्यांना हसत सांगितलं, आणि दोन-तीन जण एकदम ओरडले, "साधू!"

रश्शाच्या भांड्यापाशी आम्ही दोघंच होतो तेव्हा मी बोलले. 'तू' म्हणावं की 'तुम्ही' हे दोघांनाही ठरवता येत नव्हतं, त्यामुळे दोघंही कर्ता वगळून बोलत होतो. मी म्हटलं, तो फिशपाँड निवडताना मी समितीत होते. पेपरचं माहीत असूनही गप्प बसले. पंचवीस वर्षं मनात आहे. वाईट वाटतं.

त्याने जरा वेळ माझ्याकडे पाहिलं. "फिशपाँडचं? अहो, तो तर भारी होता! घरी अजून सांगतो मी. त्याआधी मला वर्गात कोण ओळखत होतं?"

मला इतकं हलकं वाटलं, की मी हसत हसत पुढे विचारलं, "मग पेपर वर आणून द्यायचा बंद का झाला?"

तो पळीने रस्सा ढवळत राहिला. मग म्हणाला, "ते वेगळं होतं. जानेवारीत बिल घ्यायला आलो होतो. दार उघडून आत बघून हाक मारली होती, 'बाबा, पेपरवाला आलाय, सुटे आहेत का?' "

"कुणी?"

तो काहीच बोलला नाही.

मला ते आजही आठवत नाही. खूप प्रयत्न केला. दार आठवतं, त्याची साखळी आठवते, बाबांची पैशांची पत्र्याची डबी आठवते. वाक्य आठवत नाही. माझंच असणार, आमच्या घरात असंच म्हणायचे, सगळ्यांच्याच घरात म्हणतात. समोर कोण उभं आहे हे मला माहीत होतं, आणि तरी म्हटलं. किंवा माहीत होतं म्हणूनच म्हटलं असेल, आपली ओळख नाही हे दाखवायला. नक्की काय ते आता कुणाला विचारणार?

"पण मग तात्यासाहेब गेले तेव्हा..." मी म्हटलं.

"तो पेपर कसा फेकणार?" तो म्हणाला, आणि माझ्या वाटीत रस्सा वाढला. "तिखट आहे, बेताने."

तेवढ्यात फोटोसाठी हाका सुरू झाल्या. बुटके पुढे, उंच मागे, असा आरडाओरडा. मी सवयीने मागच्या रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिले. तो हात धुऊन उशिरा आला आणि जागा नव्हती म्हणून माझ्या शेजारी उभा राहिला. फोटोत दोघंही समोर बघतोय.